ओटीवरून : दिवाणखान्यांतील समुद्र

“काका, खालीं संप हवा,” असें आमचा पुतण्या एके रात्रीं जेवतांना म्हणाला, तेव्हां आमच्या हातांतला घास हातांतच राहिला. पस्तीस वर्षें शाळामास्तरकी केलेल्या मनुष्याला या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. आम्हीं विचारलें, “कोणाचा संप, आणि कशासाठीं?” मुलगा हंसला. त्याला घरांत खाऱ्या पाण्याची कांचेची पेटी मांडावयाची होती, आणि त्या पेटीखालीं कपाटाच्या आंत पाण्याची दुसरी पेटी ठेवावयाची होती. तिला या छंदांतील मंडळी सम्प म्हणतात. वरचें पाणी ज्या वाटेनें खालीं उतरतें तिला ओव्हरफ्लो म्हणतात. आम्हीं त्याला सांगितलें कीं, बाबा रे, आपल्या भाषेंत एकाला हौद म्हणावें आणि दुसऱ्याला सांडवा. ज्यानें धरण पाहिलें आहे त्याला सांडवा समजावून सांगावा लागत नाहीं. या लेखांत आम्ही हेच शब्द वापरणार आहों.

गोड्या पाण्यांतील मासे पाळणारीं घरें आपल्याकडे पुष्कळ आहेत. खाऱ्या पाण्याच्या वाटेस जाणारीं थोडीं. लहानपणीं वडिलांचें बोट धरून आम्हीं मुंबईस मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय पाहिलें होतें. तें १९५१ सालीं सुरू झालें. कांचेपलीकडचे पट्ट्यापट्ट्यांचे मासे पाहून आम्हीं विचारलें होतें कीं, यांचें पाणी स्वच्छ कसें राहतें? वडिलांना उत्तर देतां आलें नव्हतें. तें उत्तर आम्हांस साठी उलटल्यावर पुतण्याकडून मिळालें. आणि तें मिळवितांना ज्या चुका झाल्या, त्यांतील सर्वांत मोठी आमची स्वतःची होती. तीहि येथें सांगणार आहों.

परवानगी अर्थातच मातोश्रींची. त्यांचें वय शहाऐंशी. त्यांनीं दोन अटी घातल्या : पेटी देवघराच्या भिंतीला लागूं नये, आणि घरांत जीव मरावयास आणूं नयेत. पहिली अट पाळणें सोपें होतें.

प्रथम जागेविषयीं. आमची पेटी आंतून १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच आहे. ती ४० सेंटिमीटर भरली म्हणजे तींत २१६ लिटर पाणी मावतें. समुद्राच्या पाण्याचें वजन लिटरला एक किलोहून थोडें अधिक. त्यांत जाड कांच, दगड, खालचा हौद व घडवंची मिळविली म्हणजे आंकडा साडेचारशे किलोच्या घरांत जातो. सात धट्टीकट्टी माणसें एकाच जागीं रात्रंदिवस उभीं राहिल्यासारखें हें ओझें आहे. आमच्या घराचा वरचा मजला लाकडी तुळयांवर उभा आहे. तेथें पेटी नेण्याची गोष्ट आम्हीं ऐकूनहि घेतली नाहीं. तळमजल्यावर, जेथें ऊन येत नाहीं अशा ठिकाणीं, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ती ठेविली. हें अंतर अवश्य सोडावें. नळ्या मागल्या बाजूनें उतरतात, आणि तेथें हात घालण्याची वेळ आज ना उद्यां येतेच.

मग पाण्याचा प्रश्न. कोंकणांतून पिंपें भरून आणावीं अशी सूचना घरांत निघाली. परंतु किनाऱ्यालगतच्या पाण्यांत गाळ व सांडपाणी मिसळलेलें असतें, आणि पावसाळ्यांत नद्यांमुळें त्याचा खारटपणाहि उतरतो. नळाचें पाणी तसेंच वापरतां येत नाहीं. त्यांतील क्लोरीन जिवांना घातक, आणि फॉस्फेट व नायट्रेट हें नको असलेल्या शेवाळाचें खत. म्हणून यंत्रानें गाळून अगदीं शुद्ध केलेल्या पाण्यांत समुद्री क्षारांचें तयार मिश्रण घालावें लागतें. प्रमाण लिटरला सुमारें ३५ ग्रॅम. आमच्या दोन्ही पेट्यांना मिळून साडेदहा किलोंच्या आसपास लागलें. स्वयंपाकाच्या मिठानें हें काम होत नाहीं. समुद्रांत मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हेंहि विरघळलेलें असतें, आणि शिंपल्यांचीं व प्रवाळांचीं घरें त्यांतल्या कॅल्शियमवरच बांधलीं जातात. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळपास असावें. तें मोजण्याचें साधन आधीं विकत घ्यावें, मासे मागाहून.

आतां सांडव्याकडे येऊं. पेटीच्या मागल्या कांचेला, वरच्या कडेशीं, एक अरुंद खोका बसविलेला असतो. त्याची कड फणीसारखी दातेरी असते. पंप खालून जितकें पाणी वर आणतो तितकेंच या दातांवरून खोक्यांत सांडतें व नळ्यांनीं खालीं जातें. म्हणून वरच्या पेटींतील पातळी दातांनीं ठरविलेलीच राहते. बाष्प होऊन जाणाऱ्या पाण्याची घट दिसते ती खालच्या हौदांत. सांडव्याचा दुसरा गुण असा कीं, तो पृष्ठभागावरचें पाणी घेतो. अन्नाचा व मळाचा तेलकट थर पृष्ठभागावरच सांठतो, आणि पाण्याला हवेंतील प्राणवायु घेऊं देत नाहीं. सांडवा तो थर अहोरात्र ओढून नेतो.

खोक्यांतून तीन नळ्या खालीं जातात. पहिलीचें तोंड नेहमीं पाण्याखालीं असतें. ती तुडुंब भरून, आवाज न करतां वाहते, आणि तिच्यावर एक चावी असते. चावीनें तिचा ओघ असा बेतावा कीं, थोडेंसें पाणी दुसऱ्या नळीकरितां उरावें. दुसरीचें तोंड जरा उंच. ती हें उरलेलें पाणी नेते. तिसरीचें तोंड सर्वांत उंच, आणि ती बाराहि महिने कोरडी उभी असते. दुकानदार म्हणाला कीं, ही काढली तर पैसे वांचतील. पेन्शन घेणाऱ्या मनुष्याला तिच्याविषयीं थोडी आपुलकी वाटली असल्यास नवल नाहीं. आम्हीं ती ठेवविली. पुढें एकदां शंखाची एक गोगलगाय पहिल्या नळीच्या तोंडांत जाऊन बसली. त्या रात्रीं दुसरीला न पेलणारें सारें पाणी त्या कोरड्या नळीनें उतरविलें, आणि खळखळाट करून आम्हांस जागेंहि केलें.

खालच्या हौदाला उभ्या कांचांनीं कप्पे केलेले असतात. पहिल्या कप्प्यांत पाणी जाड वस्त्राच्या पिशवींतून गळतें. ही पिशवी दर तीन-चार दिवसांनीं धुवावी. न धुतल्यास तींत अडकलेला मळ तेथेंच कुजतो. दुसऱ्या कप्प्यांत फेस काढण्याचें यंत्र असतें. गुऱ्हाळांत रस उकळतांना वर येणारी मळी झाऱ्यानें काढतात, तें दृश्य डोळ्यांपुढें आणावें. येथें उष्णतेचें काम हवेचे बारीक बुडबुडे करतात. पाण्यांतील प्रथिनें बुडबुड्यांना चिकटून वर चढतात आणि वरच्या पेल्यांत काळसर दुर्गंधि पाणी जमतें. तो पेला पहिल्यानें पाहिला तेव्हां वरचें स्फटिकासारखें पाणी कशानें तसें राहतें हें आम्हांस कळलें. तिसऱ्या कप्प्यांत तंतुमय हिरवें शेवाळ वाढवितात. तें नायट्रेट व फॉस्फेट खाऊन वाढतें. वाढलें कीं मूठभर काढून टाकावें, म्हणजे तेवढा मळ घराबाहेर गेला. त्याचा दिवा रात्रीं, वरचा दिवा मालवल्यावर, लावावा. अंधारांत जलवनस्पति कर्बवायु सोडतात व पाण्याची अल्कता उतरते. खालीं उजेड असला म्हणजे हा चढउतार कमी होतो. शेवटच्या कप्प्यांत पंप. तेथून पाणी पुन्हां वर.

हें सारें मांडून, दगड रचून, पाणी खेळतें केलें तेव्हां ज्येष्ठ महिना होता. चौथ्या रात्रीं वळवाचा पाऊस झाला व आळींतील वीज गेली. पहांटे आमच्या मातोश्री उठल्या आणि दिवाणखान्यांत त्यांचें पाऊल पाण्यांत पडलें. “अरे, पुन्हां पानशेत केलेंत कीं रे!” असें त्या ओरडल्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां त्या नदीकांठच्या आमच्या जुन्या वाड्यांत नवी सून होत्या. पाण्याविषयीं त्यांना कोणी सांगावें लागत नाहीं. जाजम भिजलें, भिंतीकडेच्या कपाटांतील खालच्या फळीवरचे दोन जुने कोश भिजले, आणि मुख्य म्हणजे म्हातारें माणूस पडतां पडतां वांचलें.

पुतण्या पंपाला दोष देऊं लागला, आमचे बंधु पुतण्याला. आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. पंप बंद पडला म्हणजे पाणी वर जाणें थांबतें. परंतु वर आलेलें पाणी परतीच्या नळींतून उलट खालीं येऊं लागतें, आणि नळीचें तोंड उघडें पडून तींत हवा शिरेपर्यंत तें थांबत नाहीं. आमच्या नळीचें तोंड पृष्ठभागाखालीं १० सेंटिमीटर होतें. पेटीची लांबी-रुंदी १२० गुणिलें ४५. म्हणजे दर सेंटिमीटरला ५.४ लिटर, आणि दहाला ५४ लिटर. खालचा हौद ९० लांब, ४० रुंद, ४० उंच. तो ३० सेंटिमीटर भरलेला होता. मोकळी जागा दहा सेंटिमीटरांची, म्हणजे ३६ लिटर. छत्तिसांच्या जागेंत चोपन्न लिटर आले, शिवाय खोक्यांतील व नळ्यांतील पाणी. वीस लिटरांहून अधिक पाणी जमिनीवर आलें, यांत पंपाचा अपराध कोणता? चौथीच्या मुलालाहि येणारें गणित घरांत कोणीहि केलेलें नव्हतें.

उपायहि गणितांतच होता. परतीच्या नळीचें तोंड पृष्ठभागाखालीं दोनच सेंटिमीटर आणलें. आतां वीज गेली तर अकरा लिटरांच्या आसपास पाणी त्या वाटेनें उतरतें. हौदांतील पाणी २५ सेंटिमीटरांवर ठेविलें. मोकळी जागा ५४ लिटर झाली. पाणी उलट येऊं न देणारी झडप नळीला बसवितात. ती बसवावी, पण तिच्यावर विसंबूं नये, कारण खारा थर किंवा शंखाचा एखादा कण अडकला कीं ती बंद होत नाहीं. उलटी बाजूहि तपासावी. तिन्ही नळ्या तुंबल्या आणि पंप चालूच राहिला तर? आमच्या पंपाच्या कप्प्यांत २५ लिटर पाणी असतें, आणि वरच्या पेटींत पांच सेंटिमीटर, म्हणजे २७ लिटर, जागा रिकामी आहे. पंप कप्पा कोरडा करील, पण पाणी कांठावरून सांडणार नाहीं. हीं दोन गणितें पेटी घेण्यापूर्वींच करावीं. आणि मासे आणण्यापूर्वीं दिवसाढवळ्या, सर्वांच्या देखत, विजेचें बटण बंद करून पाहावें.

यापुढची गोष्ट सांगणें आम्हांस सोपें नाहीं. पाणी भरलें म्हणजे पेटी तयार झाली असें नव्हे. पाणी पिकावें लागतें. माशाच्या मळांतून व उरल्या अन्नांतून अमोनिया निर्माण होतो. दगडांच्या छिद्रांत वाढणारे एक प्रकारचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसरे त्याचें नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. हे जंतु पुरेसे वाढावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. समुद्राचें पाणी किंचित् अल्कधर्मी असल्यामुळें त्यांत अमोनिया गोड्या पाण्याहून अधिक घातक ठरतो. हें सर्व पुतण्यानें आम्हांस सांगितलें होतें.

पण आषाढांत गुरुपौर्णिमा आली. त्या दिवशीं आमचे जुने विद्यार्थी घरीं येतात. एवढी मोठी पेटी, आणि आंत नुसते दगड, हें आम्हांस लाजिरवाणें वाटलें. आम्ही म्हणालों, “एवढ्याशा दोन माशांनीं काय होणार आहे? उद्यां घेऊन ये.” तो म्हणाला, “काका, अजून पाणी पिकलें नाहीं.” एकदांच म्हणाला. थोरल्या काकांना दुसऱ्यांदा सांगण्याची आमच्या घरांत रीत नाहीं. दोन केशरी विदूषकमासे आले. विद्यार्थ्यांनीं वाहवा केली. तिसऱ्या दिवशीं ते पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागले. पुतण्यानें परीक्षानळींत पाणी घेऊन औषध घातलें. पिवळें राहावयाचें तें पाणी गर्द हिरवें झालें. त्यानें रात्रभर जागून दोनदां पाणी बदललें. सकाळपर्यंत दोन्ही मासे मेले होते.

मातोश्रींनीं कोणाला विचारलें नाहीं. त्या दिवशीं जेवतांना त्या एक शब्द बोलल्या नाहींत, एवढेंच. संध्याकाळीं आम्हीं पुतण्याला ओटीवर बोलाविलें आणि चूक आमची होती असें स्पष्ट सांगितलें. तो म्हणाला, “काका, मीच ठाम राहायला हवं होतं.” ज्या घरांत जाणत्या मुलाला खरें बोलण्यासाठीं ठाम राहावें लागतें, त्या घरांतील वडिलांनीं आपल्याकडेहि पाहावें. पस्तीस वर्षें आम्हीं मुलांना ‘शंका विचारा’ म्हणून शिकविलें, आणि घरांत शंकेला एकदांच वाव ठेविला. तेव्हांपासून असा नियम झाला कीं, पेटीच्या बाबतींत शेवटचा शब्द पुतण्याचा. त्यानें पुढें सात आठवडे पेटी रिकामी ठेविली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रिकाम्या पेटीचें कारण आम्हीं स्वतः सांगितलें.

राहिला प्रवाळांचा प्रश्न. संस्कृतांत पोवळ्याला विद्रुम म्हणतात, आणि प्रवाल या शब्दाचा दुसरा अर्थ कोंवळा अंकुर असा आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांना हें झाडच वाटलें. युरोपांतहि पुष्कळ काळ तीच समजूत होती. पेसोनेल या फ्रेंच वैद्यानें अठराव्या शतकांत प्रवाळ हा प्राणी असल्याचें मांडलें. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरांत एकपेशी शेवाळ राहतें आणि उजेडांत अन्न तयार करून यजमानाला देतें. पाणी नेहमींच्या उन्हाळ्याहून एखादा अंश अधिक तापून तसेंच कांहीं आठवडे राहिलें, कीं ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या भित्तींवर १९९८, २०१०, २०१६ व २०२४ या सालीं असें संकट आलें. आपल्या किनाऱ्यावरहि प्रवाळ आहेत : मालवणच्या सागरी अभयारण्यांत, जें १९८७ सालीं घोषित झालें, आणि विजयदुर्गापासून दूर समुद्रांत, आंग्र्यांचें नांव लाभलेल्या आंग्रिया बँकेवर. यांतील गोलसर जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. हातोडीच्या एका घावानें जें तुटतें तें भरून यावयास एक पिढी लागते.

दुकानदारानें पुतण्याच्या कानांत सांगितलें कीं, समुद्रांतील ‘खरा’ जिवंत दगड हवा असल्यास व्यवस्था होईल. पावती मात्र मिळणार नाहीं. वाचकांनीं हें नीट ध्यानांत ठेवावें. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळें प्रवाळ, समुद्रपंखे यांचा समावेश झाला. ज्या अनुसूचींत वाघ आहे तीच ही. घोडमासेहि तींत आहेत. अज्ञानानें केलेली खरेदी हा बचाव नव्हे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेविला तरी मातोश्रींची दुसरी अट उरतेच. पुण्याच्या उन्हाळ्यांत, वीज केव्हां जाईल याचा नेम नसतां, आमच्या हातून दोन मासेहि जगले नव्हते. समुद्रांत शेकडों वर्षें उभें असलेलें घर आम्हीं कोणत्या भरंवशावर आणावयाचें?

म्हणून आमच्या पेटींतील भित्ती माणसानें घडविलेल्या सच्छिद्र दगडांची आहे. त्यावर आतां जांभळट शेवाळाचा थर चढला आहे, आणि पाहुण्यांना फरक सांगावा लागतो. विदूषकमासेहि समुद्रांतून ओरबाडलेले नाहींत. यांची पैदास बंदिस्त पाण्यांत करण्याची रीत आपल्या देशांत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें बसविली आहे. तशा पैदाशींतलीच जोडी पुतण्यानें शोधून आणली. ती आतां दीड वर्षाची होईल.

रोजचें काम थोडें पण चुकवितां न येणारें आहे. पाण्याचें बाष्प होतें, क्षारांचें होत नाहीं. म्हणून रोज घट होईल तितकें गोडेंच पाणी घालावें, खारें नव्हे. आमच्याकडे उन्हाळ्यांत तीन-चार लिटर लागतात. पाणी २४ ते २७ अंशांवर राखावें. आम्ही पृष्ठभागावरून लहान पंखा फिरवितों. माठांतलें पाणी ज्या न्यायानें गार होतें त्याच न्यायानें तें दोन-तीन अंश उतरतें. आठवड्याला तीस लिटर पाणी बदलावें. काढलेलें पाणी तुळशीला किंवा बागेंत घालूं नये, आमच्या सौ. नीं एक मोगरा गमावून हें शिकून घेतलें. लांबच्या प्रवासास सर्व घर एकदम निघणार असेल त्या कुटुंबानें हा छंद करूं नये. एकत्र कुटुंबाला तो मानवतो तो एवढ्याचसाठीं कीं, कोणी ना कोणी घरीं असतें.

बाकीची मंडळी येतां जातां मासे पाहतात. मातोश्री मात्र रात्रीं निजण्यापूर्वीं काठी टेकीत येतात, खालच्या कपाटाचें दार उघडवून हौदांतील पाणी पुतण्यानें कांचेवर ओढलेल्या लाल रेघेखालीं आहे कीं नाहीं तें पाहतात, आणि मग दिवा मालवूं देतात. अलीकडे त्यांना नीट दिसत नाहीं. म्हणून रेघ आम्ही पाहतों, आणि त्यांना सांगतों.